मंत्र्यांनाही उत्तर द्यावे लागते



परीक्षा काही फक्त आपल्यालाच नसते. दिल्लीला संसदेत मंत्र्यांचीसुद्धा परीक्षा होते. अधिवेशन चालू असले म्हणजे लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो. राज्यसभेत तो दुपारी १२ वाजता सुरू होतो. खासदार विचारतात आणि मंत्री उत्तर देतात. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार राहील, असे आपल्या राज्यघटनेतच लिहिले आहे.

ही परीक्षा कशी होते, ते आता सांगतो. खासदाराला प्रश्न निदान १५ दिवस आधी कळवावा लागतो. तो १५० शब्दांपेक्षा मोठा चालत नाही. त्यात भाषण करायचे नाही, माहिती विचारायची. प्रश्न फार येतात, म्हणून सोडत काढून त्यांचा क्रम लावतात. मजूर व कामगारांच्या प्रश्नांना श्रम व रोजगार मंत्री उत्तर देतात. खेड्यातल्या रोजगार हमीचे प्रश्न ग्रामविकास मंत्र्यांकडे जातात.

प्रश्न मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात. ज्याच्यापुढे चांदणी काढलेली असते तो तारांकित प्रश्न. त्याचे उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचे. लोकसभेत असे प्रश्न दिवसाला २० असतात. तासाभरात सगळे काही होत नाहीत, उरलेल्यांची उत्तरे लेखी मिळतात. चांदणी नसलेला तो अतारांकित. त्याचे उत्तर लेखीच. असे प्रश्न दिवसाला २३० पर्यंत असतात.

मग चांदणीचे एवढे महत्त्व का? कारण तोंडी उत्तर आले की त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतो. हे आपल्या वर्गातल्यासारखेच आहे बघा. सतराचा पाढा ओळीने सगळेच धडाधड म्हणतात. पण गुरुजींनी मधूनच “सतरा सत्ते किती?” विचारले, की पाढा कोणाला येतो ते कळते. मंत्र्यांचे पहिले उत्तर कचेरीतून तयार होऊन आलेले असते. उपप्रश्न मात्र अचानक येतो. तिथे खरी कसोटी लागते.

याचे एक खरे उदाहरण देतो. २०२० साली करोनामुळे टाळेबंदी झाली. शहरातली कामे बंद पडली आणि लाखो मजूर गावाकडे निघाले. कित्येक जण तर पायी चालत गेले. काही वाटेतच दगावले. सप्टेंबरमध्ये संसद भरली, पण करोनामुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास ठेवला नव्हता. फक्त लेखी उत्तरे मिळणार होती. किती मजूर परतले आणि किती मरण पावले, असे खासदारांनी विचारले. १४ सप्टेंबरला त्या वेळचे श्रम व रोजगार राज्यमंत्री संतोषकुमार गंगवार यांचे लेखी उत्तर आले. १ कोटी ४ लाखांवर मजूर आपापल्या राज्यात परतले, असे त्यात होते. त्यांपैकी ३२ लाखांवर एकट्या उत्तर प्रदेशातले होते. मरण पावलेल्यांची मात्र नोंद ठेवलेली नाही, असे उत्तर मिळाले.

“नोंद का ठेवली नाही?” हा उपप्रश्न तिथल्या तिथे विचारायची सोय त्या दिवशी नव्हती.

तरी प्रश्न वाया गेला नाही. नोंदच नाही, ही गोष्ट सरकारी कागदावर आली आणि देशभर तिची चर्चा झाली. नोंद नसेल तर मदत कोणाच्या घरी पोचवायची? पुढे २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित मजुरांची नावे नोंदवण्यासाठी सरकारने ई-श्रम ही सोय सुरू केली. शेतमजूर, गवंडी, घरकाम करणाऱ्या बाया, सर्वांना त्यात नाव घालता येते.

पालकांना एक विनंती आहे. मजुरी थकली, काम मिळाले नाही, तर नुसते पारावर बोलून थांबू नका. गाव, तारीख, किती मजूर, किती दिवस, हे सगळे लिहून आपल्या खासदारांना पत्र द्या. कारण प्रश्न विचारायचा हक्क त्यांना असला, तरी त्यात घालायची माहिती आपल्याच गावात असते.