मालमोटारीच्या इंजिनाची शक्ति वाढवावी काय ?

उसाचा हंगाम जवळ आला म्हणजे मालमोटारी बाळगणाऱ्या शेतकऱ्यांत एक प्रश्न हटकून निघतो. इंजिनाचें डिझेल थोडें वाढवून घेतलें तर भरलेली गाडी घाट जोरानें चढेल खरी. पण इंजिन टिकेल काय? कोणी म्हणतो कांहीं होत नाहीं. कोणी म्हणतो इंजिन गेलेंच समजा. आम्ही महसूल खात्यांतील निवृत्त कारकून. यंत्रविद्या हा आमचा विषय नव्हे. परंतु गेल्या हंगामांत हा प्रश्न आमच्या घरांतच उभा राहिल्यामुळें त्याची बारकाईनें चौकशी करणें आम्हांस भाग पडलें. तिचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम इंजिनाचें मर्म पाहूं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनीयरानें १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें आपलें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. त्यांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनेंच फवारलेलें तेल पेट घेतें. शक्ति किती निघावी हें तेल किती फवारलें यावर ठरतें. म्हणून ती वाढविणें फार सोपें असतें. जुन्या गाडींत पंपावरील शिशाचें सील तोडून स्क्रू फिरविला कीं झालें. नव्या गाडींत संगणकांतील आंकडे बदलले कीं झालें. काम सोपें, म्हणूनच मोह मोठा.

परंतु तेल वाढलें तर हवाही वाढली पाहिजे. एक भाग डिझेल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें साडेचौदा भाग हवा लागते, आणि धूर न होऊं देण्यास त्याहूनही बरीच अधिक. हवा अपुरी पडली कीं धुराड्यांतून काळा धूर निघतो. पुष्कळ चालक तो जोराचें लक्षण मानतात. वस्तुतः तो आपल्याच पैशाचा धूर होय.

ह्याहून वाईट गोष्ट उष्णतेची. सिलिंडरांतील ज्वाळा २,००० अंशांहून अधिक तप्त असते, आणि पिस्टन बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांवरच वितळतें. पिस्टन टिकतो तो त्याची उष्णता तेल व पाणी सतत ओढून नेतात म्हणून. तेल अधिक जाळलें कीं पिस्टन, झडपा आणि टर्बो यांवर ताण येतो. दाब वाढला कीं हेडचें गॅस्केट आणि बेअरिंगें सोसतात. आणि वाढलेला पीळ क्लच, गिअर व डिफरन्शियल यांना सोसावा लागतो. ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं.

आतां घरची गोष्ट. आमच्या पुतण्यानें जुनी दहाचाकी घेतली. तिच्या कर्जाचा बोजा वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर चढला. असले बोजे नोकरींत आम्हीं शेंकडों पाहिले होते. घरचा पाहतांना मात्र वेगळें वाटलें. हंगामाच्या आरंभीं त्यानें एका फिटरकडून पंपाचा स्क्रू फिरवून घेतला. "काका, किंचितच फिरविला आहे," असें तो म्हणाला. दोन महिने गाडी झकास चालली. फाल्गुनांत घाट चढतांना इंजिन अडकलें. उघडून पाहतात तों एका पिस्टनाचा माथा वितळलेला आणि हवेची गाळणी धूळ व पाचटाच्या कुसळांनीं गच्च भरलेली ! फिटर म्हणाला, दोष गाळणीचा. पुतण्या म्हणाला, दोष स्क्रूचा. आमच्या मतें दोघांचेंही खरें होतें. कारखाना इंजिनांत थोडी ताकद राखून ठेवतो ती अशाच दिवसांसाठीं : गाळणी तुंबलेली, रेडिएटर मळलेला, ऊन कडक, ओझें पुरें. स्क्रू फिरविणारा ती शिल्लक आधींच खर्चून टाकतो. शिल्लक संपल्यावर पहिल्याच अवर्षणांत घर बुडतें, तसेंच हें. गाडी तेवीस दिवस उभी राहिली, आणि हप्त्यासाठीं दुभती म्हैस विकावी लागली.

म्हणून शक्ति वाढविणें सर्वथा वाईट, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंतील कमिन्स कंपनीचें एक्स १५ हें सुमारें १५ लिटरचें इंजिन ४०० पासून ६०५ अश्वशक्तीपर्यंत विकलें गेलें आहे. परंतु तेथें टर्बो, शीतन आणि गिअर हीं सर्व त्या शक्तीशीं जुळवून घेतलेलीं असतात. नुसतें तेल वाढविणें निराळें आणि सर्व अंगें मिळून वाढविणें निराळें. शिवाय वाढीव जोर घटकाभर वापरणें वेगळें आणि अर्धा तास घाटांत सतत वापरणें वेगळें.

आतां हिशेब पाहूं. दहा किलोमीटरचा घाट भरली गाडी ताशीं २० किलोमीटरनें चढली तर ३० मिनिटें लागतात. शक्ति शेंकडा २० वाढली तर वेग सुमारें २४ होऊन २५ मिनिटें लागतील. खेपेमागें पांच मिनिटें वांचलीं. शंभर खेपांस आठ तास वीस मिनिटें. एवढ्यासाठीं तेवीस दिवस घालविले !

कायद्याकडेही पाहिलें पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करावयाचा नसतो. तसेंच १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहा मानकाच्या गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. तेल वाढविल्यानें काजळी वाढून ती लवकर तुंबते.

तेव्हां आमची सूचना अशी :

१. प्रथम हवेची गाळणी, रेडिएटर, नोझल व टायरांतील हवा तपासावी. हरवलेली शक्ति पुष्कळदां येथेंच सांपडते.

२. कायद्यानें ठरविलेल्या वजनाहून अधिक ओझें घालूं नये.

३. घाटांत खालचा गिअर वेळीं टाकावा व उष्णतेच्या कांट्यावर नजर ठेवावी.

४. अधिक शक्तीची गरज रोजचीच असेल तर अधिक शक्तीची गाडी घ्यावी.

पुतण्यानें स्क्रू पूर्ववत् करून घेतला आहे. गाडी घाटांत पांच मिनिटें उशिरा पोंचते. सातबाऱ्यावरील बोजा मात्र आतां वर्षभर अधिक राहील.