आकाशाची कड, समुद्राचा कोपरा

कोकणच्या किनाऱ्यावर मुरूड आणि श्रीवर्धन यांच्या दरम्यान बोट ठेवावे आणि नकाशावर ते सरळ पूर्वेकडे नेत जावे. महाराष्ट्र, तेलंगण, बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम ओलांडून बोट टोंकिनच्या आखातापलीकडे एका बेटाच्या दक्षिण टोकाशी येऊन थांबते. हे बेट म्हणजे हायनान, आणि टोकावरचे शहर सान्या. अक्षांश 18 अंश 15 मिनिटे.

चीन म्हटला की पेकिंगची बोचरी थंडी आणि ती लांबलचक भिंत आपल्या डोळ्यांपुढे येते. सान्यात मात्र नारळ, सुपारी, फणस आणि आंबा! जानेवारीतही हवा सरासरी 21-22 अंशांच्या खाली फारशी उतरत नाही. मे ते ऑक्टोबर पाऊस, त्यातच मधूनमधून येणारी तुफाने, आणि पुढे कोरडा, सुखाचा हिवाळा. सुपारी, पान आणि चुना यांचा विडाही तेथे आवडीने चघळतात. आपल्या माणसाला परके वाटावे असे त्या हवेत फार थोडे आहे.

हायनान बेट गोव्याच्या साधारण नऊपट मोठे. मधोमध डोंगर, त्यांत 1,867 मीटर उंचीचा 'पाच बोटांचा पर्वत'. उत्तरेला राजधानी हायकौ आणि मुख्य भूमीपासून बेट वेगळे करणारी चिंचोळी सामुद्रधुनी. डोंगर उत्तरेचे गार वारे अडवतात, म्हणून दक्षिणेचा सान्या अधिक उबदार. येथील नदीला फाटे फुटतात, त्या तीन फाट्यांवरून गावाचे नाव पडले असे सांगतात. आता एक अंतर लक्षात ठेवावे. सान्याहून पेकिंग सुमारे अडीच हजार किलोमीटर, कँटन साडेसहाशेच्या पुढे, पण व्हिएतनामचे दानांग तीनशेच्या आत. या शहराचा सारा इतिहास या तीन आकड्यांत सामावला आहे.

पेकिंगकडून पाहिले तर येथे जग संपते. हान सम्राट वू याने इ. स. पूर्व 110 मध्ये बेटावर दोन जिल्हे स्थापले. पण मूळच्या ली जमातीच्या बंडांना कंटाळून इ. स. पूर्व 46 मध्ये दरबाराने बेटावरचा कारभारच आवरता घेतला. पुढे तांग आणि सुंग राजवटींनी बेटाचा एक उपयोग शोधून काढला. आपल्याकडे इंग्रजांनी अंदमानचा केला तोच. नकोसे झालेले मंत्री येथे पाठवायचे. सुंग दरबाराचा माजी प्रधान झाओ डिंग उत्तरेच्या शत्रूशी नमते घेण्याच्या विरुद्ध होता. प्रतिस्पर्धी चिन ह्वेई याने त्याला 1144 साली येथे धाडले. आपण जिवंत आहोत तोवर मुलाबाळांवरचे गंडांतर टळणार नाही हे ओळखून झाओ डिंगने 1147 साली अन्न सोडले आणि प्राण दिला. त्याच्यामागून हू च्वान आला. चिन ह्वेईचे डोके उडवा असा अर्ज सम्राटाला लिहिण्याची छाती या गृहस्थाला झाली होती! तो मात्र चिवट निघाला. तेथील मुलांना शिकवीत त्याने वर्षे काढली आणि चिन ह्वेई मेल्यावर जिवंत परतला.

किनाऱ्यावर प्रचंड गुळगुळीत खडक आहेत. अठराव्या शतकात एका अधिकाऱ्याने त्यांतील एकावर 'त्यानया', म्हणजे 'आकाशाची कड', अशी अक्षरे कोरली. 'समुद्राचा कोपरा' ही अक्षरे विसाव्या शतकातली. जवळच्याच एका खडकाचे चित्र दोन युआनच्या नोटेवर होते. त्या मालिकेच्या बहुतेक नोटा 2018 साली चलनातून गेल्या. आज नवविवाहित जोडपी या खडकांपाशी छायाचित्रे काढून घेतात. हद्दपारांच्या शापाचे असे मधुचंद्राचे ठिकाण व्हावे, हा काळाचा विनोदच.

पण दक्षिणेकडून पाहिले तर हेच टोक पहिला उंबरठा ठरते. 748 साली जियानझेन हा बौद्ध आचार्य जपानला निघाला. हा त्याचा पाचवा प्रयत्न. वादळाने गलबत भरकटले आणि जपानऐवजी सान्याच्या परिसरात येऊन लागले. येथे सुमारे वर्षभर राहून त्याने एका पडक्या विहाराची दुरुस्ती केली. परतीच्या प्रवासवर्णनात पूर्व किनाऱ्यावरच्या एका चाचे-सरदाराची हकीकत आहे. दरसाल दोन-तीन इराणी जहाजे तो लुटी, माणसे गुलाम करी आणि पाहुणे आले की दिव्यासाठी ऊद जाळी. त्याच वर्णनात पुढे कँटनच्या नदीत ब्राह्मणांची, इराण्यांची जहाजे नांगरलेली दिसतात, आणि शहरात ब्राह्मणांची तीन मंदिरेही. भारताकडून येणारा जलमार्ग या बेटाच्या दारावरून जात होता. जियानझेन 753 साली सहाव्या खेपेस जपानला पोहोचला, तेव्हा त्याची दृष्टी गेलेली होती.

व्हिएतनामच्या किनाऱ्यावर तेव्हा चंपा हे राज्य होते. इंद्रवर्मन, भद्रवर्मन अशी राजांची नावे, शिवाची देवळे, संस्कृत शिलालेख. 982 साली व्हिएतनामी सैन्याने चंपाची राजधानी इंद्रपूर लुटली. चारच वर्षांनी, 986 मध्ये, चंपाहून शंभरेक माणसांचे एक कुळ पळून हायनानला आल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. असे निर्वासित पुढेही येत राहिले. त्यांचे वंशज, उत्सात लोक, आज सान्याच्या दोन वस्त्यांत राहतात. संख्या दहा हजारांच्या आसपास. धर्माने ते मुसलमान, आणि भाषा मलायच्या नात्यातली. पण हजार वर्षांच्या चिनी शेजाराने त्या भाषेचा कायापालट केला. शब्दांच्या शेवटची व्यंजने झिजली आणि त्यांच्या जागी चिनीसारखे चढे-उतरते सूर आले. शब्द पूर्वजांचे, चाल शेजाऱ्यांची! भाषाशास्त्रज्ञांना या लहानशा वस्तीचे मोठे अप्रूप आहे. राज्यकर्त्यांना तितके नसावे. 2020 साली तेथील शाळांत मुलींच्या डोक्यावरच्या रुमालाला बंदी घातल्याचे आणि मुलींनी त्याविरुद्ध निषेध केल्याचे वृत्तपत्रांत आले होते. परमुलुखात मुलांना घरची भाषा आणि घरची रीत शिकवू पाहणाऱ्या कोणालाही ही बातमी सहज बाजूला सारता येणार नाही.

या उंबरठ्यावरून चीनमध्ये गेलेली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचारले तर आम्ही कापसाचे नाव घेऊ. कापूस मूळ आपल्याकडचा. आग्नेय आशियातून तो हायनानला पोहोचला, आणि ली स्त्रियांनी कताई-विणाईची कला फार पुढे नेली. चीनमध्ये तेव्हा श्रीमंताला रेशीम आणि गरिबाला तागासारख्या वाखाचे जाडेभरडे कापड. शांघायजवळच्या एका गावची ह्वांग दाओपो ही स्त्री तरुणपणी सान्याच्या भागात आली. सासुरवासाला कंटाळून ती जहाजात लपून पळाली, ही कथा लोकांच्या तोंडची. तेराव्या शतकाच्या अखेरीस ती माहेरच्या गावी परतली, एवढे मात्र खरे. 1366 सालचा एक ग्रंथकार सांगतो की, तोवर त्या गावात सरकी बोटांनी निवडीत आणि लहानशा धनुकलीने कापूस पिंजीत. दाओपोने सरकी काढण्याचा चरक, मोठी धनुकली, रंगीत सूत जुळवून नक्षी विणण्याची रीत, सारे शिकवले. पायाने चालणारा तीन चात्यांचा चरखाही तिच्याच नावावर सांगतात. ज्याने एका चातीवर पेळू धरून सूत काढले आहे, त्यालाच तीन चात्यांचा अर्थ कळेल. गाव सुखवस्तू झाले आणि ती गेल्यावर लोकांनी तिचे देऊळ बांधले. जिने शिकवले तिचे देऊळ झाले. जिच्याकडून ती शिकली, त्या ली बाईचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

ली स्त्रिया आजही जमिनीवर पाय पसरून, कमरेला पट्टा बांधून, पायांनी माग ताणून विणतात. विणणाऱ्या कमी होत चालल्या म्हणून 2009 साली युनेस्कोने ही कला तातडीने जपण्याच्या कलांच्या यादीत घातली.

अलीकडचा इतिहास धावता सांगितला तरी चालेल. फेब्रुवारी 1939 मध्ये जपानी फौजा येथे उतरल्या. लोखंडाच्या खाणींत मजुरांना राबवून त्यांनी मारले. 4 डिसेंबर 1941 रोजी सान्याच्याच बंदरातून मलायावर चालून जाणारा तांडा निघाला. 8 डिसेंबरला कोटा भारूच्या किनाऱ्यावर त्याला तोंड दिले ते आठव्या भारतीय ब्रिगेडने, आणि पुढे सिंगापूर पडल्यावर बंदिवान झालेल्या हिंदी शिपायांतून आझाद हिंद सेना उभी राहिली. 1950 साली बेट कम्युनिस्टांकडे आले. 1988 मध्ये हायनान वेगळा प्रांत झाला, 1994 मध्ये सान्याला विमानतळ मिळाला, आणि मग हॉटेलांची रांगच लागली. 2020 च्या शिरगणतीत वस्ती 10 लाख 31 हजार भरली. अवलोकितेश्वराची 108 मीटर उंच मूर्ती समुद्रात उभी आहे. जवळच आरमाराचा मोठा तळ आहे, तेथे प्रवाशांना मज्जाव. 'ब्रिक्स' देशांची 2011 ची परिषद येथेच भरली, तीस मनमोहनसिंग हजर होते; आणि 2017 साली हरियाणाच्या मानुषी छिल्लरने जगत्सुंदरीचा किताब येथेच जिंकला.

आम्हांला मात्र हॉटेलांपेक्षा सान्याची भातशेती अधिक महत्त्वाची वाटते. उत्तरेत शेते गोठलेली असतात तेव्हा चीनचे बियाणे-संशोधक 1950 च्या दशकापासून येथे येतात आणि वर्षात एक पीक जास्त काढतात. युआन लोंगपिंग हे संकरित भाताच्या मागे होते. अडचण अशी की, भाताच्या फुलाचे फलन त्याच फुलातल्या परागाने होते. संकरासाठी पराग निकामी असलेले झाड हवे. 23 नोव्हेंबर 1970 रोजी त्यांचे सहायक ली बिहू आणि येथील एका शेतीफार्मवरचे फेंग केशान यांना दलदलीत असे रानभाताचे झाड सापडले. ऋषिपंचमीला आपण खातो तसले, न पेरता उगवलेले धान्य. त्यातून निघालेले संकरित भात 1976 पासून चीनच्या शेतांत पसरले.

त्या झाडाचा नपुंसक गुण आईकडून, पेशीद्रव्यातून, पुढच्या पिढीत उतरतो. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्याच वंशाचा 'आय. आर. 58025 ए' हा मादी वाण तयार केला. तो वापरून रायगड जिल्ह्यातल्या कर्जतच्या संशोधन केंद्राने संकरित भाताची जात काढली, ती 1998 साली प्रसारित झाली. तिचे नाव 'सह्याद्री'. सह्याद्रीच्या पायथ्याच्या खाचरांत ती लावतात. संकरित असल्यामुळे तिचे घरचे बी धरता येत नाही. शेतकऱ्याला दर वर्षी बियाणे नवे घ्यावे लागते.