महालयाच्या यादीतील हरवलेले नाव

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला म्हणजे घरोघरी पितरांच्या तिथींची विचारणा सुरू होते. गतवर्षी याच पंधरवड्यात अलिबाग-मुरूड रस्त्यावरील काशीद या गावी कीर्तनाच्या निमित्ताने जाण्याचा योग आला. एका बाजूस सुरूच्या बनाआड गर्जणारा सागर, दुसऱ्या बाजूस फणसाडचे अरण्य, असे हे गाव. दुसऱ्या दिवशी यजमानांच्या घरी महालय होता. पिता, पितामह, प्रपितामह यांचा नामोच्चार निर्वेध पार पडला. माता आणि पितामही यांचीही नावे आली. प्रपितामहीपाशी मात्र यजमान थांबले. साठी उलटलेले ते गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाले, "बुवा, पणजीचं नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही."

शास्त्र दयाळू आहे. गोत्र अज्ञात असल्यास काश्यप म्हणावे. नावे अज्ञात असल्यास पृथ्वीवर, अंतरिक्षात आणि द्युलोकात वसणारे पितर असा उल्लेख करून पिंड द्यावा, अशी सोय सूत्रकारांनी करून ठेवली आहे. त्यामुळे श्राद्ध अडले नाही. यजमानांचे मन मात्र तेथेच अडून राहिले.

वाचकहो, महालयाची यादी एकदा नीट ऐकावी. तीत केवळ बाप, आजा, पणजा नाहीत. माता आणि मातामह यांच्या पिढ्या आहेत. चुलता, मामा, आत्या, मावशी, बहीण, मुलगी, सासरा, गुरू, आप्त असे सारे गोत आहे. आपण वंशावळी काढू लागलो की पुरुषांची एक उभी रेघ ओढतो आणि लेकीसुना रेघेबाहेर ठेवतो. महालयाची यादी तसे करीत नाही. पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने हीच यादी हाती धरून निघावे.

याचा पडताळा याच किनाऱ्यावरील एका घराण्यात मिळतो. पेशवे बाळाजी विश्वनाथ हे मूळचे श्रीवर्धनचे. तेथील देशमुखी त्यांच्या भट घराण्याकडे होती. परंतु केवळ श्रीवर्धनात शोधू जाता त्यांचे चरित्र हाती लागत नाही. सिद्दीच्या जाचामुळे ते देशावर आले. पत्नी राधाबाई या डुबेऱ्याच्या बर्व्यांच्या कन्या. सिन्नरजवळच्या त्याच आजोळी १८ ऑगस्ट १७०० रोजी थोरल्या बाजीरावांचा जन्म झाला, असे मानतात. कन्या भिऊबाई बारामतीच्या जोशी घराण्यात, तर अनूबाई इचलकरंजीच्या घोरपडे घराण्यात दिल्या. स्वतः बाळाजीपंतांनी एप्रिल १७२० मध्ये सासवड येथे देह ठेवला. पत्नीचे माहेर आणि लेकींची सासरे वगळली, तर या कुटुंबाची अर्धी कथा लुप्त होते. एवढ्या कर्त्या पुरुषाची ही गत, तर आपल्यासारख्या प्रापंचिकांचे काय!

काशीदच्या यजमानांना हेच सांगितले. त्यांनी प्रथम जुने कागद पाहिले. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानात होता. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि त्या जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. म्हणून जुन्या दप्तरात रायगड जिल्हा शोधणारा रिकाम्या हाताने परततो. जमिनीच्या फेरफारातील वारसनोंदींत आजोबा आणि त्यांचे बंधू सापडले, पणजी नाही. मग ते नाशिकला क्षेत्रोपाध्यायांकडे गेले. तेथील वह्यांत यात्रेकरू स्वहस्ते आपले नाव, गाव, वाडवडील आणि मुलेबाळे यांचा लेख लिहून देत आले आहेत. उपाध्यायांनी आडनाव आणि गाव विचारले. काशीदच्या नावावर काहीच निघाले नाही.

वाट दाखविली ती रोह्याला दिलेल्या नव्वदीच्या आत्याबाईंनी. "आपण मूळचे काशीदचे नव्हेत रे, राजपुरीच्या खाडीपलीकडून आलो," असे त्या सहज बोलून गेल्या आणि गावाचे नावही त्यांनी सांगितले. त्या गावाच्या नावावर वही उघडली, तो मोडी अक्षरातला लेख निघाला. दोघे भाऊ मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले होते. मातोश्रींचे नाव लिहिले होते आणि खाली यजमानांच्या आजोबांची सही होती. उपाध्यायांनी लेख वाचून दाखविला तेव्हा यजमानांनी त्या सहीवर हात ठेवला, आणि बराच वेळ तो उचलला नाही.

हे भाग्य सर्वांस लाभेलच असे नाही. माळ्यावरच्या पेटीतील मोडी कागद "कोणास वाचता येत नाहीत" म्हणून पाण्यात सोडून देणारी घरे मी पाहिली आहेत. कृपा करून तसे करू नये. मोडी जाणणारे आजही आहेत. घरातील वृद्धांना, विशेषतः आत्या आणि मावश्यांना, या पंधरवड्यात जवळ बसून विचारावे आणि त्या सांगतील ते त्यांच्यासमक्षच लिहून घ्यावे. सुनांची माहेरची नावेही त्यांत असावीत. आणि सापडेल तेवढेच लिहावे. रिकामी जागा रिकामी ठेवावी. ती भरण्यासाठी सरदार वा ऋषी जोडू नयेत. तर्पणाचे पाणी खऱ्या नावाने सोडायचे असते.

यंदा परवाच काशीदला महालय झाला. प्रपितामहीपाशी यजमान थांबले नाहीत. ते नाव येथे छापण्याचे प्रयोजन नाही. ज्यांनी उच्चारायचे, त्यांच्या मुखी ते आले.