नर्सिंग होमची पारख : परतीचा आकडा कसा वाचावा



‘नर्सिंग होम’ हा शब्द आपण मुंबई, पुणे, अलिबागहून त्याच्या तिकडच्या अर्थासह येथे आणला. तेथे त्याचा अर्थ एखाद्या डॉक्टरांचे दहा-वीस खाटांचे खाजगी रुग्णालय. अमेरिकेत अर्थ निराळा आहे. रुग्णालयातून सुटलेला, परंतु घरी जाण्याइतका न सावरलेला माणूस जेथे काही आठवडे शुश्रूषा आणि व्यायामोपचार घेतो, अथवा ज्याला कायमची काळजी हवी तो जेथे राहतो, ते येथील नर्सिंग होम. कॅरीत मुलानातवंडांजवळ राहावयास आलेल्या आपल्या पिढीला हा फरक माहीत असणे अगत्याचे आहे.

निवडीची वेळ बहुधा घाईची असते. खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते आणि तीन-चार दिवसांत रुग्णालयातील सेविका हातात यादी ठेवून म्हणते, “उद्यापर्यंत नाव सांगा.” मुले धावतपळत जाऊन दिवाणखाना, फुलदाण्या आणि घरापासूनचे अंतर पाहून येतात. आयुष्यभर परिचारिकेचे काम केलेली बाई म्हणून मी सांगते, की फुलदाणीआधी एक आकडा पाहा : येथे आलेल्यांपैकी किती जणांना तीस दिवसांच्या आत पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले?

हा आकडा इतका बोलका का? माणूस एकाएकी क्वचितच ढासळतो. हृदयविकाराच्या रुग्णाचे वजन दोन दिवसांत दोन-तीन पौंड वाढते, पाय सुजतात, रात्री उशी उंच लागते. म्हातारी बाई पाणी कमी पिते, लघवी कमी होते, मग बोलण्यात असंबद्धता येते. रुग्णालयाच्या औषधांच्या यादीतील एखादे औषध नव्या जागी गळते किंवा दोनदा दिले जाते. हे पहिल्या दिवशी कोणी हेरले, तर औषधाचा फेरफार पुरतो. तिसऱ्या दिवशी हेरले, तर रुग्णवाहिका बोलवावी लागते. परतीचा आकडा म्हणजे या लक्ष ठेवण्याचे माप होय.

विषय लहान नाही. २००६ साली रुग्णालयातून नर्सिंग होममध्ये गेलेल्या मेडिकेअरच्या रुग्णांपैकी २३.५ टक्के तीस दिवसांत रुग्णालयात परतले, असे संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले. २०१४ च्या कायद्याने या गोष्टीला पैशाची जोड दिली : ऑक्टोबर २०१८ पासून मेडिकेअर या संस्थांच्या देयकांतून दोन टक्के रक्कम राखून ठेवते आणि कामगिरी पाहून तिचा काही भाग परत वाटते.

मेडिकेअरच्या ‘केअर कंपेअर’ या संकेतस्थळावर बहुतेक प्रमाणित नर्सिंग होमचा हा आकडा मिळतो. अल्पमुदतीच्या रुग्णांच्या मापांत तो शोधावा. रुग्णालयात ‘निरीक्षणाखाली’ ठेवलेलेही त्यात मोजतात. आधीच ठरलेले उपचार वगळतात. आकडा कच्चा नसतो. वय आणि आजार पाहता किती जण परततील याचा अंदाज करून प्रत्यक्ष संख्या त्याच्याशी ताडली जाते. अंदाज अठरांचा असून पंधरा परतले, तर काम चांगले. बारांचा असून पंधरा परतले, तर उणे. म्हणून जड आजाराचे रुग्ण घेणाऱ्या घरावर सहसा अन्याय होत नाही.

तरीही या एका आकड्यावर विसंबू नये. वर्षात पंचवीसच रुग्ण आले असतील, तर एका माणसाने चार टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय ही माहिती काही महिने जुनी असते. मधल्या काळात मालक किंवा मुख्य परिचारिका बदललेली असू शकते. आणि फार कमी आकडा नेहमी स्तुत्य नसतो, कारण ज्याला न्यावयास हवे होते त्यालाही नेले नाही, असेही घडू शकते. म्हणून त्याच्या शेजारी तपासणीचे अहवाल आणि परिचारिकांची संख्या वाचा. २०२२ पासून शनिवार-रविवारची उपस्थिती आणि कर्मचारी सोडून जाण्याचे प्रमाणही तेथे दिले जाते. एक सावधगिरी : असिस्टेड लिव्हिंगची घरे या यादीत नसतात. नॉर्थ कॅरोलिनात त्यांतील ‘अॅडल्ट केअर होम’ना राज्य निराळे तारे देते, दोन्हींची गल्लत करू नये.

मग प्रत्यक्ष जाऊन तीन प्रश्न विचारा. रात्री नोंदणीकृत परिचारिका असते काय? डॉक्टर किती वेळात येतात किंवा फोनवर मिळतात? प्रकृती बदलली, तर कुटुंबाला कोण आणि केव्हा कळवते?

शेवटची गोष्ट कोणत्याही संकेतस्थळावर सापडणार नाही. आपली वडीलधारी माणसे आजार मराठीत सांगतात. “छातीत भरल्यासारखं वाटतं”, “अंगात त्राणच नाही”, “घास उतरत नाही” ही वाक्ये गोऱ्या परिचारिकेला कळत नाहीत आणि तिला दिसते ती निमूट पडलेली म्हातारी. अशी दहा वाक्ये इंग्रजी अर्थासह मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाशी लावा. दुभाषा पुरवावा अशी मागणी करा. आपल्याकडे बिकूर होलीम, म्हणजे आजाऱ्याला भेटणे, हे पुण्यकर्म मानले आहे. पहिल्या दोन आठवड्यांत आळीपाळीने रोज कोणीतरी जावे, पाय सुजले आहेत काय ते पाहावे, पाण्याचा पेला रिकामा झाला काय ते विचारावे आणि वेगळे काही दिसले तर त्याच क्षणी परिचारिकेला सांगावे.