सहा खिळ्यांची बाराखडी

नवी मुंबईतल्या महापे औद्योगिक वसाहतीतल्या एका वृत्तपत्राच्या छापखान्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. रात्री मशीन सुरू झालं की मशीनमन ताजा अंक ओढून भिंगाखाली धरतो. एक रंग दुसऱ्यापासून केसभर सरकला तरी त्याला खपत नाही. अक्षरं जुळवायला मात्र तिथे कुणी नाही. पान संगणकावरून थेट अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर उतरतं. माझं मन तिथेच अडकलं, कारण या जुळणीच्या कटकटीपायी मराठीत एक अख्खी बाराखडी घडली होती.

देवनागरीच्या खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांची पेटी म्हणजे घरांचं जंगल. अक्षर वेगळं, अर्धं वेगळं, जोडाक्षर वेगळं. खिळे कमी करण्यासाठी टिळकांनीही डोकं चालवलं होतं. पुढे रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी भाषाशुद्धीच्या जोडीने लिपीचा प्रश्न हाती घेतला. आ, ओ, औ आपण ‘अ’लाच काना-मात्रा देऊन लिहितो, मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांना वेगळे खिळे कशाला? अि, अी, अु, अू, अे, अै लिहा. सहा खिळे वाचले! ‘किर्लोस्कर’ मासिकाने हे वळण उचललं आणि ‘अेक’ घरोघरी पोचलं. ही युक्ती मला फार देखणी वाटते. भाषाशुद्धीतला रुळलेले फारसी शब्द हाकलण्याचा सावरकरांचा आग्रह मात्र पटत नाही, जरी त्यांनी सुचवलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द आपण आज सहज वापरतो.

ग्रीसमध्ये भाषेच्या शुद्धतेचा असा वाद रस्त्यावर आला. 1901 मध्ये ‘अक्रोपोलिस’ दैनिकाने मत्तयाचं शुभवर्तमान लोकांच्या बोलीत छापलं, तर अथेन्समध्ये दंगल होऊन आठ जण मेले आणि सरकार पडलं. आपला वाद लेखांतून लढला गेला, म्हणून त्याची साक्ष फक्त जुन्या अंकांत आहे.

आणि संगणकावर शोधायला गेलं, की तेच अंक आता अडचणीत येतात. संगणकाला ‘ए’ हे एक चिन्ह, ‘अे’ ही दोन. ‘एक’ शोधलं तर ‘अेक’ सापडत नाही. मराठी शुद्धलेखनाच्या 1962च्या नियमांनी गेलेले अनुच्चारित अनुस्वारही शोधाच्या आड येतात. काही जण अंक टंकित करतानाच आजच्या नियमांनी ‘सुधारतात’. तो तर पुरावाच पुसणं झालं. मूळ पान जसंच्या तसं ठेवावं, आजचं लेखन शोधसूचीत द्यावं.

वाशी-नेरूळच्या घरांत आजोबांचे ‘किर्लोस्कर’चे अंक माळ्यावर असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला विचारा.