लेक परदेशी शिकायला निघाली, तर पैसा कुठून आणायचा?

आपल्या कामणच्या पाड्यांतल्या मुली आता नर्सिंग, बीएस्सी, समाजकार्य शिकू लागल्या आहेत. उद्या त्यातली एखादी म्हणेल, "मला परदेशात जाऊन आरोग्यावर संशोधन करायचंय." मग घरात पहिला प्रश्न निघेल, सोनं मोडायचं की जमीन विकायची?

1883 साली कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या. आज सोन्याला हात न लावताही वाटा आहेत.

आधी हे संशोधन म्हणजे काय ते समजून घेऊ. क्षयरोग, हिवताप, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू हे प्रश्न अनेक देशांना सारखेच छळतात. ते कशामुळे होतात आणि कोणता उपाय लागू पडतो, याचा हा अभ्यास. पालघर जिल्ह्यातलं कुपोषण जिने जवळून पाहिलंय, तिला काय विचारायचं ते आधीच ठाऊक असतं.

आता पैशाच्या वाटा.

पहिली, सरकारी शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विकास विभागाची आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाचीही अशी योजना आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी; त्यात भूमिहीन शेतमजुरांची आणि पारंपरिक कारागिरांची मुलंही बसतात. यातून फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडं मिळतं.

दुसरी, परदेशी शिष्यवृत्ती. ब्रिटनच्या चेव्हनिंगमधून एका वर्षाची पदव्युत्तर पदवी घेता येते. त्यासाठी दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो. म्हणजे आरोग्य केंद्रातली नोकरी इथे कामी येते. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीतही सार्वजनिक आरोग्य हा विषय आहे. दोन्हींची अट एकच, शिकून मायदेशी परत यायचं.

तिसरी, पीएचडी. ही बऱ्याच घरांना माहीतच नसते. अमेरिकेत अनेक विद्यापीठं पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी माफ करून वर दरमहा पैसे देतात. युरोपात काही देशांत तर ती पगारी नोकरीच असते.

चौथी, कर्जरूपी शिष्यवृत्ती. 1892 पासून चालत आलेला जे. एन. टाटा एंडाउमेंट हा त्यातला जुना निधी. पण नाव शिष्यवृत्ती असलं तरी हे पैसे फेडायचे असतात. म्हणून सही करण्याआधी एकच विचारा, "हे परत करायचे का?"

मुली बहुतेक वेळा अडतात त्या कागदांवर. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, पासपोर्ट, सगळ्या गुणपत्रिका. जात वैधतेला महिने लागतात, तेव्हा निदान वर्षभर आधी सुरुवात करा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वसईचं तहसील कार्यालय, आदिवासी योजनांसाठी डहाणूचं प्रकल्प कार्यालय. अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या.

आणि कोणी म्हणालं, "पैसे भरा, शिष्यवृत्ती मिळवून देतो," तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एवढंच विचारा, आपल्यापैकी कोणाची मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे? तिच्या कागदांची फाइल त्याच आठवड्यात सुरू करू या.