मीटरगेजवरचे स्टेशनमास्तर

आमच्या सदलग्याला आगगाडी आलीच नाही. गाडी गाठायची तर मिरज किंवा चिकोडी रोडला जावे लागते. तरीही 'मास्तर' या एका शब्दाने आम्हां शिक्षकांचे स्टेशनावरच्या माणसाशी नाते जोडले आहे. म्हणून या महोत्सवी अंकात त्या दुसऱ्या मास्तरांविषयी चार शब्द लिहीत आहोत.

सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली निघाली. १८९० पर्यंत तिचा मीटरगेज मार्ग पुण्याहून मिरज, बेळगाववरून लोंढ्यापर्यंत पुरा झाला, आणि १८९१ साली मिरज-कोल्हापूर गाडीही धावू लागली. राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीची ती अखेरची वर्षे.

लहान स्टेशनावर मास्तर म्हणजेच सारे खाते. तिकिटे द्यायची, मालाची पावती करायची, तार घ्यायची, हिशेब लिहायचा. मार्ग एकेरी, दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत ही चिंता आठही प्रहर. पुढच्या स्टेशनाला तारेने विचारावे, 'लाईन क्लिअर' मिळाली की तसा कागद ड्रायव्हरच्या हाती द्यावा, तेव्हा गाडी हलणार. घड्याळ चाले ते मद्रासच्या वेळेवर; आपल्या भागातील सूर्याच्या वेळेपेक्षा ते सुमारे तेवीस मिनिटे पुढे असे. गावच्या वेळेवर विसंबलेल्या उतारूची गाडी चुकली, तर बोल मास्तरांनाच!

संसार कंपनीच्या क्वार्टरमध्ये. स्टेशन गावापासून दूर, शेजार पॉइंट्समनचा. रात्रीच्या गाडीला मास्तर उठले की घरही जागे होई. बदलीचा हुकूम आला की भांडीकुंडी बांधायची. मुलांच्या शाळेचे वर्ष मध्येच तुटे.

अशा मास्तरांच्या हाती कायद्याबाहेरचीही एक सत्ता असे. याच मार्गावरील मसूर स्टेशनची १९०१ सालची हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. वडिलांना भेटायला निघालेले लहानगे भीमराव आपल्या भावाबरोबर व भाच्यांबरोबर तेथे उतरले. पत्र वेळेवर न पोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटक्या पोशाखातील मुले पाहून मास्तर चौकशीला आले. मुले महार असल्याचे कळताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते निघून गेले. पण अर्ध्या तासाने तेच परत आले. दुप्पट भाडे देऊनही गाडीवाले तयार होईनात, तेव्हा तोड त्यांनीच काढली: मुलांनी गाडी हाकावी, गाडीवानाने बाजूने चालावे.

वाटेत पाणी मिळेना. नाक्यावर 'मुसलमान आहोत' असे सांगा, असा सल्ला गाडीवानाने दिला. तसे सांगूनही पाणी मिळाले नाही. हे वाचताना आम्ही दर वेळी थांबतो. आमचे नाव सांगून तहान भागली नाही, आणि मुळात तहानेला नाव विचारायचेच कशाला?

त्या मास्तरांना बाबासाहेबांनी नावाने ओळखवलेले नाही. ते दुष्ट नव्हते, धीटही नव्हते. मुलांना त्यांनी वाटेला लावले, पण रूढीची पायरी ओलांडली नाही. तिकीट साऱ्यांचे सारखे होते. माणुसकीची 'लाईन क्लिअर' मात्र अर्धीच मिळाली.

संस्थेच्या दारी येणाऱ्याला प्रथम पाणी विचारावे, नाव मागाहून. मसूरच्या फलाटावरून आपण एवढे जरी घेतले, तरी हा महोत्सव सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.